जुनी जीप, जुनी जिप्सी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

घरच्या अंगणात जुनी फोर-बाय-फोर गाडी उभी करून तिला पुन्हा धडधाकट करणाऱ्या वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रे महिंद्राच्या जीपबद्दल आणि मारुतीच्या जिप्सीबद्दल आली. पुष्कळांना पडणारे प्रश्न निवडून त्यांची उत्तरे देत आहोत.

प्रश्न : १९९१ ची एमएम ५४० घेतली आहे. इंजिन सुरू होते, पण गाडी खालून बरीच गंजली आहे. डेंटर म्हणतो, फ्लोअरचा पत्रा बदलून रंग मारू, महिन्याभरात गाडी नवी दिसेल. सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, चिपळूण

रंगाचा विषय सध्या बाजूला ठेवा. जीपचा सगळा भार चेसिसवर, म्हणजे खालच्या पोलादी सांगाड्यावर असतो. चेसिस कुजलेली असताना पत्रा आणि रंग यांवर घातलेले पैसे वाया जातात, कारण पुढे वेल्डिंग करायची वेळ आली की तोच रंग जाळावा लागतो. क्रम असा ठेवा : चेसिस, मग पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि स्टेअरिंग, मग ब्रेक, मग इंजिन-गिअरबॉक्स, मग वायरिंग, आणि सर्वांत शेवटी बॉडी व रंग.

आधी गाडी धुवून घ्या. कोकणातल्या गाडीच्या सांदीकोपऱ्यांत चिखलाबरोबर खारही साठलेला असतो. गोड्या पाण्याचा जोराचा फवारा चेसिसच्या चॅनेलच्या (पन्हळीसारख्या तुळयांच्या) आतून मारा आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळू द्या. खार तसाच ठेवून प्रायमर मारला, तर गंज त्याच्या खालून पसरतो आणि वर्षाभरात फुगवटे येतात.

मग बॉलपीन हातोडीने चेसिस बोटभर अंतरावर ठोकत जा. चांगल्या पोलादाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या जागी तो बद्द येतो. अशा ठिकाणी जुना स्क्रू-ड्रायव्हर जोराने दाबा. आत गेला, तर तो भाग कापावाच लागणार. मागच्या पाट्यांचे हँगर, मागचा क्रॉस मेंबर, बॉडीचे बोल्ट बसतात ते ब्रॅकेट आणि चॅनेलला आतून पट्टी जोडून बॉक्स केलेली जागा ही नेहमी गंजणारी ठिकाणे. बॉक्सच्या आत पाणी शिरते, पण बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तिथला पत्रा आतून खाल्ला जातो आणि वरून धड दिसतो.

चेसिस सरळ आहे की नाही, हे बॉडी उतरवल्यावरच नीट कळते. सपाट फरशीवर चेसिस चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा. पुढच्या आणि मागच्या पाट्यांच्या पिनांच्या छिद्रांतून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा करा आणि कर्ण मोजा. दोन कर्णांत पाच मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर चालते. त्याहून जास्त असेल, तर आधी चेसिस सरळ करून घ्या. वाकडी चेसिस वेल्ड केली की वाकडेपणाही कायमचा होतो.

ठिगळासाठीची प्लेट चेसिसच्याच जाडीची घ्या. आधी ग्राइंडरने गंज उडवून व्हर्नियरने जाडी मोजा. दुप्पट जाड प्लेट लावली की मजबुती दुप्पट होते असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात जाड तुकडा वाकत नाही, सगळा ताण त्याच्या कडेला एकवटतो आणि नवी चीर बरोबर तिथेच पडते. म्हणून प्लेटची टोके चॅनेलला काटकोनात सरळ न कापता तिरपी, शंकरपाळ्यासारखी कापा. चॅनेलच्या वरच्या आणि खालच्या फ्लँजच्या (आडव्या पट्टीच्या) कडेवर आडवे वेल्डिंग करू नका.

सीओटू वेल्डिंग मिळाले तर उत्तम. रॉडच वापरायचा असेल, तर साध्या ६०१३ नंबरच्या रॉडपेक्षा ७०१८ घ्या. २.५ मिलिमीटरच्या रॉडला सुमारे ७० ते १०० अँपिअर पुरतात. पाकीट फोडलेला, दमट हवेत पडून राहिलेला ७०१८ तसाच वापरू नका. त्याने ओल धरलेली असते आणि वेल्डमध्ये भोके पडतात. एका वेळी इंचभर वेल्ड करा, दुसऱ्या बाजूला जा, पहिले थंड झाले की परत या. डिझेलची टाकी गाडीवरून उतरवा, बॅटरी आणि अल्टरनेटर सोडवा. अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगांतून जातो आणि त्यांच्या गोळ्यांवर डाग पडतात.

चेसिसवर ठोकलेल्या नंबराची जागा मात्र कापू, घासू किंवा ब्लास्ट करू नका. तिच्यावर जाड टेप लावून ठेवा. नंबर पुसला गेला, तर पासिंगच्या वेळी गाडी अडकते.

शेवटी टू-पॅक इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, त्यावर चेसिस ब्लॅक, आणि बॉक्सच्या आत नळीने कॅव्हिटी वॅक्स. हे काम दिवाळीनंतर आणि पावसाच्या आधी उरका. लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त हवे, नाहीतर डोळ्यांना न दिसणाऱ्या ओलाव्यावर प्रायमर बसतो आणि पापुद्रे सुटतात.

प्रश्न : स्पेअरच्या दुकानात दर वेळी “कोणते इंजिन?” असे विचारतात. बाहेरून सगळ्या जीप सारख्याच दिसतात. ओळखायचे कसे? – एक वाचक, नाशिक

दुकानदार बरोबरच विचारतो. मुंबईत १९४७ मध्ये जीपची जुळणी सुरू झाली, तेव्हापासून त्याच ठेवणीच्या बॉडीखाली वेगवेगळ्या घराण्यांची इंजिने बसत आली. जुन्या पेट्रोल जीपमध्ये २.२ लिटरचे विलीज हरिकेन. पुढे इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या वंशातले २३५० सीसी डिझेल. एमएम ५४० मध्ये प्यूजोचे २११२ सीसी एक्सडीपी. आणि नंतरच्या गाड्यांत २५२३ सीसीचे डीआय (डायरेक्ट इंजेक्शन), जे पुन्हा ट्रॅक्टरच्याच घराण्यातले. शिवाय तीस वर्षांत मधल्या कुणी इंजिन बदललेले असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून मॉडेलच्या नावावर विसंबू नका.

पहिली खूण म्हणजे ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना आत उष्णता देणारे प्लग. हेडमध्ये इंजेक्टरशेजारी प्लग आणि त्यांना जोडणारी वायर असेल, तर ते इनडायरेक्ट इंजेक्शनचे, बहुधा प्यूजो. डीआयला ग्लो प्लग नसतात. हेड उघडलेले असेल तर स्ट्रोक (पिस्टनची चाल) मोजा. प्यूजो २११२ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९० आणि स्ट्रोक ८३ मिलिमीटर. डीआयचा बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६. बोअर ओव्हरसाइज करताना वाढतो, स्ट्रोक मात्र बदलत नाही, म्हणून भरवसा स्ट्रोकवर ठेवा. हेड पॅकिंग, पिस्टन, बेअरिंग शेल या वस्तू जुना भाग हातात घेऊन, नंबर जुळवूनच आणा.

प्रश्न : जिप्सी किंग, १९९९. ताशी ५० ते ६० च्या दरम्यान एखाद्या खड्ड्यावरून गेली की पुढची चाके डुगडुगतात आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. स्टेअरिंग डँपर नवा बसवला, महिनाभर बरी चालली, पुन्हा तेच. – एक वाचक, पुणे

डँपर (स्टेअरिंगचे झटके शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर) हा या दुखण्यावरचा इलाज नाही, तो फक्त ते झाकतो. सैलपणा कुठेतरी आहे. तो सापडेपर्यंत ही गाडी हायवेवर नेऊ नका.

जिप्सीत हा सैलपणा बहुतेक वेळा किंगपिनच्या (चाक ज्या खुंट्यांवर वळते त्यांच्या) बेअरिंगांत सापडतो. पुढच्या हाउसिंगच्या टोकाला गोळा असतो, त्याभोवती नकल (चाक वळवणारा भाग) फिरते. वर एक आणि खाली एक अशा दोन किंगपिनांवर, टेपर बेअरिंगांत ती टेकलेली असते. हे बेअरिंग पूर्ण फेरी कधीच मारत नाही, ठरावीक कोनातच मागेपुढे होते. त्यामुळे त्याच त्याच जागी रोलर कपात खड्डे पाडतात. स्टेअरिंग सरळ असताना रोलर बरोबर त्या खड्ड्यात बसतात आणि नकलेला जो हलका विरोध हवा तो राहत नाही.

तपासणी अशी करा. पुढचा धुरा जॅकने उचलून घोडीवर ठेवा. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला, तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तसाच राहिला, तर किंगपिनचा. चाकाचे बेअरिंग बरोबर बसले आहे का, हे स्प्रिंगच्या काट्याने पाहता येते. चाकाच्या स्टडला काटा अडकवून ओढल्यावर हब १ ते ३ किलोच्या दरम्यान फिरू लागला पाहिजे.

किंगपिनसाठी हब, ॲक्सल शाफ्ट आणि टाय रॉड सोडवा, मागचे ऑइल सीलही काढा. आता नकलेच्या हातावरच्या टाय रॉडच्या छिद्रात काटा अडकवून ओढा. १ ते १.८ किलोवर नकल हलू लागली पाहिजे. अर्ध्या किलोत हलली, तर बेअरिंग सैल आहे. किंगपिनखालचे शिम (पातळ चकत्या) कमी केले की ते घट्ट होते. वरचे आणि खालचे शिम उतरवतानाच वेगळ्या पुड्यांत ठेवा. सगळे एकाच बाजूचे काढले, तर नकल गोळ्याच्या मध्यावर राहत नाही. कपात बोटाला खाचा लागत असतील, तर शिमने काही साधणार नाही, बेअरिंग आणि कप दोन्ही जोडीने बदला. किंगपिनचे चार-चार बोल्ट २० ते ३० न्यूटन-मीटरवर कसा. लांब पान्याने ताकद लावली, तर आटे जातात.

उघडलेच आहे तर आतले ग्रीस पाहा. ते पातळ, काळे आणि गिअर ऑइलचा वास येणारे असेल, तर हाउसिंगच्या आतले ॲक्सल सील गेले आहे आणि डिफरन्शियलचे ऑइल नकलेत येते आहे. पुढच्या डिफरन्शियलमध्ये २ लिटर ऑइल असते. काढून मोजा, म्हणजे किती गेले ते कळेल. सील बदलण्याआधी हाउसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे तोंड) बघा. चिखलाने तो बंद झाला, की गरम हाउसिंगमधला दाब सीलमधूनच वाट काढतो आणि नवे सीलही आठ दिवसांत पाझरू लागते. पुष्कळ लोक सीलच्या कंपन्या बदलत राहतात आणि ब्रीदरकडे बघतच नाहीत. गोळ्यावर गंजाचे खड्डे असतील, तर स्टील इपॉक्सीने भरून बारीक एमरीने गुळगुळीत करा. नवे फेल्ट बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजवा.

यानंतर टाय रॉड आणि ड्रॅग लिंकची टोके, पाट्यांचे बुश आणि यू-बोल्ट पाहा. पुढच्या पाट्यांना उंचीसाठी लांब शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणारे झुलते दुवे) लावले असतील, तर ते काढा. जिप्सीत पुढच्या पाट्याचे शॅकल पुढच्या टोकाला आहे. ते लांब केले की पाट्याचे ते टोक खाली जाते, धुरा पुढे झुकतो, कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि चाकांची आपणहून सरळ होण्याची ओढ जाते. उंच केलेल्या कितीतरी जिप्सी याच कारणाने डुगडुगतात.

टो-इन, म्हणजे पुढची चाके समोरच्या बाजूला किती आत वळली आहेत ते, घरीच मोजा. दोन्ही पुढच्या टायरांच्या मध्यावर खडूची रेघ मारा, हबच्या उंचीवर रेघांमधले अंतर पुढून मोजा, गाडी अर्धा फेरा ढकलून त्याच रेघांचे अंतर मागून मोजा. पुढचे अंतर २ ते ६ मिलिमीटरने कमी हवे. हे सगळे झाल्यावर डँपर बसवा.

प्रश्न : जुन्या जीपच्या गिअरबॉक्समधले ऑइल दर महिन्याला कमी होते, खाली मात्र थेंब पडत नाही. – एक वाचक, कोल्हापूर

ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा) लेव्हल प्लग उघडा. तिथून ऑइल वाहू लागेल. या जीपमध्ये ट्रान्सफर केस थेट गिअरबॉक्सच्या पाठीला बोल्टने बसते आणि मेनशाफ्टचे टोक तिच्यात जाते. मधला सील किंवा बेअरिंग झिजले, की ऑइल तिकडे उतरते. गिअरबॉक्स कोरडा पडतो आणि भरून गेलेली ट्रान्सफर केस मागच्या सीलमधून ऑइल टाकू लागते. ज्या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर आहे, तिथे ते लायनरवर जाते आणि हँडब्रेक धरत नाही. ऑइल प्यायलेले लायनर जाळून किंवा पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरू नका, बदला.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस वेगळ्या केल्याशिवाय हे थांबत नाही. मेनशाफ्टचा सील, बेअरिंग आणि मधले पॅकिंग एकदमच बदला. इंटरमीजिएट गिअरचा शाफ्टही काढून पाहा. त्यावर पायरी पडली असेल, तर लो गिअर उतरणीला सुटतो आणि शाफ्टच्या टोकातून ऑइल पाझरते. गिअरबॉक्सला ८०डब्ल्यू-९० जीएल-४ दर्जाचे ऑइल घाला. जीएल-५ मागच्या-पुढच्या डिफरन्शियलसाठी ठीक, पण त्यातली काही रसायने पितळी सिंक्रो रिंग खातात.

प्रश्न : एमएम ५४० सकाळी सुरू व्हायला फार वेळ घेते. मेकॅनिक पंप उतरवायला सांगतो. – एक वाचक, सोलापूर

पंप उतरवण्याआधी सायलेन्सरकडे पाहा. स्टार्टर मारताना पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही. म्हणजे ग्लो प्लग, कॉम्प्रेशन किंवा टायमिंग. धूरच नसेल, तर डिझेल पोचत नाही.

पांढरा धूर असेल तर प्लग काढा, त्यांवर छापलेले व्होल्टेज वाचा आणि तेवढ्याच व्होल्टेजवर जोडून पाहा. काही सेकंदांत टोक लाल व्हायला हवे. चारांतले दोन मेले असले, तरी सोलापूरच्या उन्हाळ्यात गाडी सुरू होते आणि दोष थंडीत उघडा पडतो. स्टार्टर फिरताना बॅटरीचे व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये.

धूर नसेल, तर रात्रभरात कुठून तरी हवा शिरते. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीची बाजू आहे. तिथे फट पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून बाहेरून सगळे कोरडे दिसते. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये तात्पुरती पारदर्शक नळी लावली की बुडबुडे दिसतात. जुने रबरी होज आणि बॅंजो बोल्टचे तांब्याचे वायसर बदला. नवे वायसर हाताशी नसले, तर जुने लाल तापवून पाण्यात बुडवा, म्हणजे मऊ होऊन पुन्हा बसतात. मग फीड पंपाचा हाताचा पंप मारत आधी फिल्टरचा स्क्रू, नंतर इंजेक्शन पंपाचा स्क्रू सैल करून हवा काढा, शेवटी इंजेक्टरचे नट अर्धा फेरा ढिले करून स्टार्टर मारा. इंजेक्टरच्या फवाऱ्यासमोर हात धरू नका, तो कातडी फोडून आत शिरतो. एवढे करूनही सुधारणा नसेल, तर आधी इंजेक्टर आणि मग पंप टेस्ट बेंचवर द्या.

प्रश्न : जीपचे ब्रेक पहिल्या दाबाला लागत नाहीत, दोनदा मारावे लागतात. हवा अनेकदा काढली. – एक वाचक, फोंडा

दोनदा मारल्यावर पेडल उंच आणि टणक लागत असेल, तर दोष हवेचा नाही, शू आणि ड्रममध्ये अंतर जास्त आहे. चाक उचलून ॲडजस्टरने शू ड्रमला लागेपर्यंत आणा आणि चाक मोकळे फिरेल इतकेच मागे घ्या. पेडल स्पंजासारखे लागले तर हवा. पेडल धरून ठेवल्यावर हळूहळू खाली गेले तर दोष मास्टर सिलिंडरमधल्या रबरी वाट्यांचा.

जुन्या जीपमध्ये चारही चाकांना एकच सर्किट असते. एक नळी फुटली की सगळे ब्रेक जातात. म्हणून अर्धवट दुरुस्ती करू नका. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, तिन्ही रबरी होज आणि गंजलेल्या स्टील नळ्या एका झटक्यात करा. सिलिंडर होन केल्यावर आत खड्डे दिसत असतील, तर नवी किट त्यात टिकणार नाही, सिलिंडरच बदला. नळ्यांची टोके डबल फ्लेअर केलेली हवीत. वाट्या आणि सिलिंडर फक्त ब्रेक फ्लुइडनेच धुवा. पेट्रोल, डिझेल किंवा ग्रीस लागले, की रबर फुगते आणि ब्रेक अडकून बसतात.

पेडलला साधारण अर्धा इंच मोकळी चाल ठेवा. ती नसेल, तर मास्टर सिलिंडरचे परतीचे बारीक छिद्र उघडत नाही, फ्लुइड परत जात नाही आणि चार किलोमीटरवर ड्रम तापतात. हवा मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून काढा, म्हणजे आपल्याकडे मागचे डावे आधी. डॉट-३ फ्लुइड हवेतला ओलावा शोषते. नवे असताना ते किमान २०५ अंशांवर उकळते. पाणी धरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत घसरते. गोव्याच्या हवेत दर दोन वर्षांनी ते बदलाच.

प्रश्न : लष्कराच्या लिलावातली जिप्सी आहे. हिरवा रंग तसाच ठेवायचा आहे आणि डिझेल इंजिन बसवायचे आहे. – एक वाचक, नागपूर

दोन्ही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना आहे. नोंदणीआधी रंग बदला आणि आरसीवर तोच रंग लिहिला आहे ना, ते पाहा. इंजिनाबाबत मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लागू होते. निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच मेकचे, त्याच प्रकारचे इंजिन मात्र आरटीओची परवानगी घेऊन बदलता येते. जुन्या इंजिनाची विल्हेवाट आणि नव्याची पावती जपून ठेवा.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. त्यासाठी फॉर्म २५ भरावा लागतो. गाडी खोलण्याआधी आरसीची मुदत बघा. ती संपत आली असेल, तर गाडी चालती असतानाच पासिंग करून घ्या.

प्रश्न : जिप्सी जागेवरून निघताना खालून ‘ठक्’ असा आवाज येतो. क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचे सांधे) नवे आहेत. – एक वाचक, सातारा

जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, तीन रबरी माउंटांवर लटकलेली असते. एक जरी फाटले, तरी क्लच सोडताना ती उसळते. खालून टॉमीने हलवून पाहा. माउंट ठीक असतील, तर क्रॉस बदलताना प्रोपेलर शाफ्टचा सरकता जोड चुकीच्या दातावर बसला असेल. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत. एखादा दात चुकला तरी शाफ्ट थरथरतो आणि नवे क्रॉस लवकर जातात. सोडवण्याआधी दोन्ही भागांवर सेंटर पंचने खूण करावी. खूण नसेल, तर शाफ्ट सपाट टेबलावर ठेवून काटे डोळ्याने जुळवा.